सहारचें महाद्वार

ज्या घरचा मुलगा, मुलगी, निदान एखादा पुतण्या अथवा भाची परदेशीं नाहीं, असें सुशिक्षित महाराष्ट्रीय घर आज विरळाच सांपडेल. पूर्वी विलायतेस जाणाऱ्यास पोंचवावयास बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर जात. आतां सहारच्या विमानतळावर जातात. म्हणून छत्रपति शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचा परिचय वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईच्या हवाई दळणवळणाचा आरंभ लहानसाच होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. पुढें प्रवासी वाढत गेले, परंतु शहरानें विमानतळास चोहोंकडून वेढून टाकलें. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळें दोहोंवरून एकाच वेळीं स्वतंत्रपणें विमानें सोडतां येत नाहींत. तरीही ८ डिसेंबर २०१८ या एका दिवसांत येथें १,००७ विमानें चढलीं-उतरलीं! ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाची निकड कशी उत्पन्न झाली, तें यावरून ध्यानांत येईल.

टर्मिनलच्या इमारतीसही मोकळी जागा नव्हती. जुन्या टर्मिनलचें काम चालू ठेवूनच ती टप्प्याटप्प्यानें उभारावी लागली. तिचा आकार फुलीसारखा लांबट होण्याचें हेंही एक कारण होय. १० जानेवारी २०१४ रोजीं तिचें उद्घाटन झालें व १२ फेब्रुवारीपासून तेथून वाहतूक सुरू झाली. वर्षाकांठीं ४ कोटी प्रवाशांची सोय तींत योजिलेली आहे. प्रस्थानाचा विभाग चौथ्या मजल्यावर आहे. तेथील ३० खांब वर जातां जातां छत्रीसारखे पसरून छतांत मिळून जातात, आणि मोराच्या पिसाऱ्याची आठवण देणाऱ्या नक्षींतून उजेड खालीं झिरपतो. सुमारें ३ किलोमीटर लांबीच्या भिंतींवर राजीव सेठी यांच्या देखरेखीखालीं मांडलेला ‘जय हे’ हा कलासंग्रह आहे. प्रवाशानें तासभर आधीं पोंचून तो अवश्य पाहावा.

मुलीच्या बाळंतपणासाठीं एकट्या निघणाऱ्या आईला या विस्ताराची धास्ती वाटते. तिकीट काढतांनाच विमान कंपनीकडे चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. “मी का पांगळी आहे?” असें म्हणून पुष्कळ बायका ती नाकारितात, परंतु खुर्चीबरोबर वाट दाखविणारा माणूस मिळतो, हा लाभ लहान नाहीं. शिधा बांधतांनाही सावध असावें. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानांत घालूं नयेत. तेलामुळें खोबरें आपोआप तापूं शकतें, म्हणून त्याची गणना धोक्याच्या मालांत होते. लोणच्याची बरणी हातांतील पिशवींत न ठेवतां मोठ्या पेटींत नीट बांधावी.

जाणाऱ्यांच्या सोयी अशा पुष्कळ आहेत. पण मागें राहणाऱ्यांचें काय? आपल्याकडे एक जण निघाला कीं अर्धें घर पोंचवावयास येतें, आणि तिकिटावांचून आंत प्रवेश नाहीं, असा सुरक्षेचा नियम आहे. धक्क्यावर उभें राहिल्यास बोट दिसेनाशी होईतों रुमाल हालवितां येई. येथें तर दारांतच ताटातूट होते. इमारतीच्या शिल्पकारांनीं ही गोष्ट ओळखली होती. प्रस्थानाच्या दालनापुढें त्यांनीं सुमारें ५० फूट उंचीची काचेची भिंत घातली, ती बाहेर राहिलेल्यांस आपलें माणूस आंत जातांना दिसावें म्हणून. साऱ्या टर्मिनलांत आम्हांस अधिक मोलाची वाटली ती ही भिंत. कारण जे प्रवास करीत नाहींत, त्यांचा विचार येथें झाला आहे.

या सोयीचा उपयोग करून घेणें मात्र आपल्या हातीं आहे. दारापाशीं गाडी फार वेळ उभी करूं देत नाहींत, म्हणून घाईघाईनें नमस्कार उरकून लोक परततात. तसें करूं नये. गाडी वाहनतळांत ठेवून सर्वांनीं वर यावें. घरांतील आजी-आजोबांस काचेपाशीं सर्वांत पुढें उभें करावें, कारण पुढची भेट किती वर्षांनीं होईल हें त्यांच्या बाबतींत कोणीं सांगावें? जाणारा दिसेनासा होईपर्यंत थांबावें. आणि जाणाऱ्यानेंही आंत गेल्यावर एकदां वळून पाहावें.