जालन्याची ऊणोदरी

कुंडलिकेकाठच्या जालन्यात मोंढ्यातील व्यापाऱ्याचा दिवस गादीवरच जातो. चहा-कचोरी येतच राहते. याच शहरात गुरु गणेश तपोधाम आहे. चातुर्मासात श्रावक एकासणे, आयंबिल, अठाईची पचक्खाणे घेतात. आठ दिवस निराहार राहिलेला तपस्वीही पारण्यानंतर हळूहळू पूर्वीच्या ताटाकडे वळतो आणि उतरलेले वजन परतते. सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊणोदरी येते: भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. तिची मिरवणूक निघत नाही, अनुमोदना होत नाही. म्हणून ती टिकवणे अवघड. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर सांगितलेला दोनदाच जेवण्याचा नियम आपल्या बियासण्याच्या जवळचाच आहे. चातुर्मास चार महिन्यांत संपतो. ऊणोदरी मात्र मोंढ्यातील गादीवरही बारमाही पाळता येते.