उभ्याचा रक्तदाब

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यालगत माझा दवाखाना आहे. ज्ञानोबांची पालखी ज्या रस्त्याने पुण्यात येते, त्याच रस्त्याने माझे वृद्ध रुग्ण काठी टेकीत येतात. त्यांपैकी एक निवृत्त शिक्षक. दर महिन्याला दाब तपासून मी त्यांना सांगत असे, "सर, अगदी आटोक्यात आहे." एका पहाटे ते लघवीसाठी उठले, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले.

"डॉक्टर, बाबांचा दाब तर नॉर्मल होता ना?" एवढेच त्यांच्या मुलीने विचारले. त्या रात्री मी त्यांचा केसपेपर वाचला. प्रत्येक नोंद बसलेल्या अवस्थेतली. उभे करून दाब मी एकदाही मोजला नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली प्रोस्टेटची गोळीही त्यात नोंदलेली नव्हती. अशा काही गोळ्यांनी उभे राहताना दाब आणखी उतरतो.

ही चूक एकाच रुग्णापुरती होती की माझी सवयच होती? याचे उत्तर स्मरणशक्ती देत नाही. ती सोयीचेच आठवते. त्यासाठी आपले काम ठरलेल्या निकषाशी ताडून पाहावे लागते, उणीव सुधारावी लागते आणि पुन्हा मोजावे लागते. यालाच क्लिनिकल ऑडिट म्हणतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवून वर्षभरानंतर त्याची प्रकृती पडताळीत. सहकाऱ्यांना ते फारसे रुचले नाही.

मी निकष साधा ठेवला: दाबाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठाचा दाब पाच मिनिटे निजवून मोजावा, मग उभे केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर औषधांचा फेरविचार करावा. काही रविवार केसपेपर चाळण्यात गेले. बहुतेकांवर उभ्याची नोंद नव्हतीच. मग केसपेपरवर त्यासाठी रकाना छापून घेतला आणि मोजण्याचे काम सिस्टरांना शिकवले.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजले. दवाखान्यातले रकाने बरेच भरले होते. पण ज्यांना मी घरी जाऊन तपासतो, त्या सर्वांत अशक्त रुग्णांची नोंद कोरीच होती. घरभेटीच्या बॅगेत तो कागदच नव्हता. आता असतो.

ज्येष्ठांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे करावे. तपासणीला येताना घरातल्या सर्व गोळ्या एका पिशवीत आणाव्यात. उठताना चक्कर येत असल्यास न विचारताही सांगावे. "उभे करून दाब पाहता का?" असे निःसंकोच म्हणावे. रात्री उठताना पलंगाच्या काठावर थोडा वेळ बसून मगच उभे राहावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

सर आता वॉकर घेऊन येतात. तपासणी झाली की केसपेपर स्वतःकडे ओढून घेतात आणि वही तपासावी तसा तो रकाना पाहतात. मीही त्यांचे पाहून होईपर्यंत थांबतो.