मागून आणलेली झाडे

सिकंदराबादच्या पश्चिम मारेडपल्लीतील त्या जुन्या घराच्या मागे जे काही आहे, त्याला बाग म्हणावयास आत्याबाई तयार नसतात. बागेला आखणी लागते, माळी लागतो आणि मुख्य म्हणजे ती चार जणांना दाखविण्याची हौस लागते, असे त्यांचे मत. त्या नुसते 'झाडे' म्हणतात. पाहणाऱ्यालाही प्रथमदर्शनी त्यांचेच खरे वाटते. कोठे अर्धा कापलेला पत्र्याचा पिंप, कोठे बूड गेलेली बादली, कोठे डालड्याचे गंजलेले डबे. त्यांतून आणि त्यांच्यामधल्या तांबड्या मुरमाड मातीतून मोगरा, अबोली, गुलबक्षी, तगर, कर्दळ ही मंडळी एकमेकांच्या अंगावर रेलून उभी आहेत. गोकर्णाचा वेल कपडे वाळत घालण्याच्या तारेवर चढला, तेव्हा तार त्यालाच देऊन टाकण्यात आली.

यंदाचा पावसाळा सरला की आत्याबाई पुण्यास मुलाकडे जाणार आहेत. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना वाकता येत नाही, आणि घर विकावयाचे ठरले आहे. मुलाच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दहा-बारा कुंड्या मावतील. त्यांत काय न्यावयाचे याची यादी करण्यासाठी नागपूरची भाची मुद्दाम आली. ती वनस्पतिशास्त्र शिकविते. तिने वहीत नाव, रंग आणि बहर असे तीन रकाने आखले होते. पहिल्याच सकाळी तिला चौथा रकाना आखावा लागला : कोणाकडून. कारण आत्याबाई कोणत्याही झाडाविषयी सांगू लागल्या, की प्रारंभ तेथूनच होई.

त्यांचे यजमान रेल्वेत अभियंता होते. खडगपूर, ओलवक्कोड, हुबळी आणि अखेर सिकंदराबाद असा तो प्रवास. प्रत्येक बदलीत एक अंगण मागे टाकावयाचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून नेता येईल तेवढेच बरोबर घ्यावयाचे. रोपवाटिकेतून विकत आणलेले एकही झाड येथे नाही; सारी मागून आणलेली. आणि मागावयाचे म्हणजे समोरच्याची भाषा थोडी तरी यावयास हवी. बंगालीतले त्यांचे पहिले वाक्य 'ॲकटा डाल देबेन?' हे होते. एक फांदी द्याल का? त्या वाक्याच्या बळावर त्यांना खडगपुरात किती घरांचे दरवाजे उघडले गेले, याची मोजदाद नाही. परभाषा शिकण्याचे याहून चांगले कारण सहसा सापडत नाही.

हुबळीची अबोली त्या अजूनही 'कनकांबर' म्हणूनच हाक मारल्यासारखी दाखवितात. सोन्याचे वस्त्र हे कानडी नाव रंगावरून आले. मराठी नाव मौनावरून. तथापि अबोलीची वाळलेली शेंग पाण्याचा थेंब पडताच तडकते आणि बी दूर उडविते. शेजघराच्या खिडकीतून पहिल्या पावसात तो आवाज ऐकू येतो. "फूल बोलत नाही गं, शेंग बोलते," हे आत्याबाईंचे वाक्य भाचीने वहीच्या समासात लिहून घेतले, रकान्यात नव्हे.

सदाफुली ओलवक्कोडची. पालघाटच्या त्या भागात मल्याळम आणि तमिळ शेजारी नांदतात. तमिळ शेजारणीने रोप दिले ते 'नित्यकल्याणी' म्हणून. घरकाम करणाऱ्या बाईने त्याच रोपाला 'सुडुकाट्टु मल्लि', म्हणजे स्मशानातला मोगरा, म्हटले. पाहुण्या आलेल्या सासूबाईंनी हे ऐकून ते उपटावयास लावले. आत्याबाईंनी उपटले, बोलल्या काही नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते पायरीच्या भेगेतून वर आले, तेव्हाही बोलल्या नाहीत. मूळच्या मादागास्करच्या या झाडाची पाने मधुमेहावर औषध म्हणून कॅनडात तपासली जात असता त्यांच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात असे आढळले, आणि १९५८ मध्ये त्यातून कर्करोगावरचे औषध हाती आले, हे भाचीने सांगितले. आत्याबाईंना मधुमेह आहे. ती पाने चावून खाण्याचा सल्ला गल्लीतले अनेक जण देतात. त्या मानत नाहीत. "विषारी आहे ते. सोबतीला ठेवायचं, तोंडात घालायचं नाही."

यादी अडली ती प्राजक्तापाशी. खडगपूरहून आणलेल्या शिउलीच्या बियांचे झाड हुबळीला झाले, आणि हुबळीच्या झाडाच्या बियांचे हे. ते कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे झुकले आहे. निम्मी फुले शेजारच्या तेलुगू आजींच्या अंगणात पडतात, आणि त्या पहाटे 'पारिजातम्' म्हणत वेचतात. झाड सत्यभामेचे आणि फुले रुक्मिणीची, ही कथा मराठी घरांत सर्वश्रुतच आहे. तेलुगूत तर सोळाव्या शतकात नंदी तिम्मनाने या पारिजातावर 'पारिजातापहरणमु' हे सबंध काव्यच रचले. येथल्या सत्यभामेची तक्रार मात्र एवढीच, की शेजारच्या आजी अलीकडे उशिरा उठतात आणि फुले तुडविली जातात. गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात याला उदास वृक्ष म्हटले. १७५३ मध्ये लिनीअसने लॅटिन नावातही ती उदासी कायम ठेवली. दिवसा पाहणाऱ्यांनी ठेवलेले नाव ते. पहाटे चार वाजता कंदील घेऊन झाडाखाली उभे राहिलेल्या माणसाला ते सुचले नसते.

भाचीने फांदीचे कलम कुंडीत लावून देण्याची तयारी दाखविली. शास्त्रीयदृष्ट्या त्यात अवघड काही नव्हते. आत्याबाई बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिल्या.

"सातव्या मजल्यावर फुलं पडणार कुठं?" त्या म्हणाल्या.

यावर वनस्पतिशास्त्राकडे उत्तर नव्हते. प्राजक्ताचे नाव यादीतून खोडले गेले. सदाफुलीचेही त्यांनी खोडावयास लावले, परंतु निराळ्या कारणाने : ती येईल आपली आपण, म्हणाल्या. मोगऱ्याची एक कुंडी ठरली, अबोलीच्या दोन. शेवटी गुलबक्षीचे काळे, मिऱ्यासारखे बी एका जुन्या लिफाफ्यात भरले. वर नाव काय लिहावे, असे भाचीने विचारले. बंगाली 'संध्यामालती' म्हणतात, कानडी 'संजेमल्लिगे', तमिळ 'अंदिमंदारै', मल्याळी 'नालुमणिपूवु', चार वाजताचे फूल. साऱ्यांनी तिची वेळ पाहिली. मराठीने फार्सी 'गुल' तेवढे उचलले आणि वेळेकडे लक्ष दिले नाही. आत्याबाईंनी लिफाफा स्वतःकडे घेतला आणि थरथरत्या मराठी अक्षरांत 'नालुमणि' असे लिहिले.

त्या संध्याकाळी त्यांनी पुण्याला फोन करून मुलाला एकच प्रश्न विचारला, आणि रेंज गेल्यामुळे तो पुन्हा दोनदा विचारावा लागला : बाल्कनीत चार वाजता ऊन असतं का रे?