बारा गुण, भाषा एक

युरोव्हिजन बघताना दर वर्षी मला एकच प्रश्न पडतो. ही मंडळी आपापल्या घरची भाषा कुठे ठेवून येतात?

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपातल्या टीव्ही-रेडिओ संस्थांच्या संघटनेने १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत गाण्यांची ही स्पर्धा सुरू केली. तेव्हा सात देश होते, आता पस्तीस-चाळीस येतात. २०१५ पासून ऑस्ट्रेलियासुद्धा असतो (भूगोलाचं काय ते विचारू नका). गाणं तीन मिनिटांच्या आत, स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं. मग प्रत्येक देश इतरांना गुण देतो, सगळ्यात जास्त म्हणजे बारा. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतूनही ऑनलाइन मत देता येतं, म्हणजे पुण्यात बसूनही तुम्ही आल्बेनियाला जिंकवायला मदत करू शकता.

मी नेदरलँड्समध्ये राहते. फायनल शनिवारी रात्री नऊला सुरू होते आणि निकाल लागेपर्यंत एक वाजत येतो. एवढं जागरण करायचं ते कशासाठी? मला वाटायचं, एका रात्रीत पंचवीसेक भाषा कानावर पडतील. कळणार एकही नाही, पण त्यांचा ठेका, त्यांचे उच्चार तरी ऐकायला मिळतील. प्रत्यक्षात काय होतं, तर एकामागून एक देश येतात आणि बहुतेक सगळे इंग्रजीत गातात. तेच चार-पाच शब्द: लव्ह, हार्ट, फायर, नाइट, टुनाइट. झेंडा बदलतो, गाणं तेच चालू आहे असं वाटतं.

निकालावरून लोक इथे खूप भांडतात. ग्रीस सायप्रसला बारा देणार आणि सायप्रस ग्रीसला, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. परीक्षक विरुद्ध जनता हा वाद तर कायमचा. २०२३ मध्ये लिव्हरपूलला फिनलंडच्या कॅरियाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला २४३. पण परीक्षकांनी लोरीनला ३४० देऊन ठेवले होते, त्यामुळे ती जिंकली. सभागृहात लोक फिनलंडच्या गाण्याचा घोष करत होते. त्या रात्री मीही वैतागले होते. पण कोण जिंकलं याचं दुःख मला दोन दिवसांत विसरायला होतं. विसरायला होत नाही ते एवढंच, की कॅरियासारखा आपल्या भाषेत, फिनिशमध्ये, बेधडक गाणारा माणूस त्या स्टेजवर अपवाद वाटतो.

हे असं आपोआप झालेलं नाही. १९६५ साली स्वीडनने इंग्रजीत गाणं म्हटलं, त्यावर कुरकुर झाली आणि १९६६ पासून नियम आला की प्रत्येकाने आपल्या देशाच्या भाषेतच गायचं. १९७३ मध्ये तो सैल केला. त्याच सवलतीत १९७४ ला आब्बा इंग्रजीत गाऊन जिंकले. १९७७ मध्ये नियम परत आला आणि १९९९ मध्ये कायमचा गेला. काढून टाकण्यामागचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता. नियम असताना १९९२, ९३, ९४ आणि ९६ ला आयर्लंड जिंकलं आणि ९७ ला ब्रिटन. त्यांची ‘आपली भाषा’ सगळ्यांना कळणारी, बाकीच्यांची नाही. मग बाकीचे म्हणाले, आम्हालाही तीच द्या.

दिली. १९९९ पासून २००६ पर्यंतची सगळी विजेती गाणी इंग्रजीत, एखाद्यात थोडी मातृभाषेची फोडणी. २०११ चं उदाहरण तर मला फारच आवडतं. विजेता देश अझरबैजान, म्हणजे मुघामसारखी जुनी गायकी असलेला देश. गाणं इंग्रजीत आणि लिहिणारे स्वीडिश आणि ब्रिटिश. आणि २००३ मध्ये तर बेल्जियमने कमालच केली. तीन अधिकृत भाषा असलेल्या या देशाने चौथीच, म्हणजे कुठेच न बोलली जाणारी, चक्क बनवलेली भाषा आणली आणि पहिला नंबर फक्त दोन गुणांनी हुकला! मला ती हुशारी आवडली, पण हसता हसता जरा वाईटही वाटलं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. आपल्या भाषेत गायलं तर कळणार कोणाला, आणि मत कोण देणार? आपल्यालाही हे नवीन नाही. मोठं व्यासपीठ हवं तर मोठी भाषा, हे मराठी घरात न शिकवता कळतं. अभिजीत सावंत २००५ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ झाला तो हिंदी गाण्यांवर, आणि आपल्याला त्यात काही खटकलं नाही. मोबाइलचा बॅलन्स संपेपर्यंत एसेमेस केले आपण.

पण युरोव्हिजनचाच हिशेब काढला तर ही भीती पूर्ण खरी ठरत नाही. २००७ मध्ये सर्बियाची मारिया शेरिफोविच साध्या काळ्या सुटात उभी राहून सर्बियनमध्ये गायली आणि जिंकली. २०२१ ला इटलीचा रॉक बँड इटालियनमध्ये. २०२२ ला युक्रेन, त्यात युद्धामुळे सहानुभूती होतीच. आणि २०१७ चा साल्वादोर सोब्राल! पोर्तुगाल १९६४ पासून येत होतं आणि एकदाही जिंकलं नव्हतं. हा माणूस बहिणीने लिहिलेलं गाणं पोर्तुगीजमध्ये, ना नाच ना आतषबाजी, गर्दीच्या मधोमध उभा राहून गायला. ७५८ गुण, परीक्षक आणि प्रेक्षक दोघांकडूनही पहिला. पोर्तुगीज येणारे त्यात किती असतील?

उलट बाजूही सांगायला हवी. २०१० मध्ये नेदरलँड्सने डचमध्ये गाणं पाठवलं आणि ते फायनललाही पोचलं नाही. मातृभाषेत आहे म्हणून वाईट गाणं चांगलं होत नाही. म्हणणं इतकंच, की गाणं पडलं तर ते भाषेमुळे पडलं असं लगेच धरून चालू नये.

मग नियम परत आणावा का? मला नाही वाटत. आयर्लंडकडे बघा. सात वेळा जिंकलेला देश, आयरिश ही त्यांची राष्ट्रभाषा, नियमाने पूर्ण मोकळीक. तरी आयरिशमध्ये ते गायले फक्त एकदा, १९७२ साली. दुकानांवरच्या पाट्या कायद्याने मराठीत करून घेता येतात. कायद्याने कोणाला मराठीत गुणगुणायला लावता येत नाही. ते आतूनच यावं लागतं, आणि यायला भीती जावी लागते.

माझ्या गाडीत एकदा भीमसेनांचा अभंग लागला होता. शेजारी ऑफिसमधला डच सहकारी. त्याने अर्थ विचारला नाही. संपल्यावर म्हणाला, पुन्हा लाव. त्याला मी नंतर सांगितलं की या गायकाची मातृभाषाही मराठी नव्हे, कन्नड होती. भाषा कळणं आणि गाणं पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आणि अगदीच अंधार नाहीये. २०२५ ला बाझेलमध्ये खुद्द स्वीडनने, सगळ्यांना इंग्रजी गाणी पुरवणाऱ्या स्वीडनने, १९९८ नंतर पहिल्यांदा स्वीडिशमध्ये गाणं आणलं. तेही फिनलंडमधल्या स्वीडिशभाषक तिघांचं, त्यांच्या गावाकडच्या बोलीत, विषय सॉना. नाव ‘बारा बादा बस्तू’. (यातल्या बाराचा गुणांशी संबंध नाही, स्वीडिशमध्ये बारा म्हणजे ‘नुसतं’.) चौथा नंबर आला. लाटव्हियाच्या सहा जणीही लाटव्हियनमध्ये गाऊन फायनलपर्यंत आल्या.

जिंकलं अर्थात इंग्रजी गाणंच. असो. मी जागरण सोडणार नाही. मत मात्र अशाच गाण्याला देणार, ज्यातला एकही शब्द मला कळलेला नाही आणि तरी जे दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना तोंडात येतं.