काळ्या दगडाचे सोयरे

कोयनानगरला पाहुण्यांचे दोन हंगाम असतात. पावसाळ्यात ओझर्ड्याचा धबधबा पाहायला मंडळी येतात आणि हिवाळ्यात शिवसागराचे निळे पाणी पाहायला. उद्यानात फिरतात, धरणाला पाठ लावून फोटो काढतात, भाजलेले कणीस खातात आणि अंधार पडायच्या आत पाटणच्या रस्त्याला लागतात. यात त्यांचे काही चुकते असे नाही. तरी येथे राहणाऱ्या माणसाला एक रुखरुख लागून राहते. त्या निळ्या पाण्याखाली गावे आहेत. 1954 साली धरणाचे काम सुरू झाले आणि पाणी चढू लागले, तसतशी ती गावे उठली. कुणी ठाण्याकडे गेले, कुणी रायगडकडे, कुणी सोलापूर-सांगलीकडे. त्यांच्या विझलेल्या चुलींवर महाराष्ट्राचे दिवे लागले. पुढे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भुई हलली. कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली आणि परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. पाहुण्याला पाणी दिसते. पाण्याखालची चावडी दिसत नाही.

या भागातील मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी मिस्सा अर्पण करायला मी महिन्यातून एकदा येतो. त्यांपैकी एका घरातील आजी-आजोबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने मनाशी ठरवले की, जन्मात विमानात न बसलेल्या आईवडिलांना या निमित्ताने मॉरिशसला न्यायचे. नकाशे, वेळापत्रके, हॉटेलांची चित्रे असा सारा पसारा त्याने जेवणाच्या पाटावर मांडला आणि मला म्हणाला, “फादर, तुम्हीच या दोघांना समजवा.”

बेत चांगला आखला होता. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांचा प्रवास. पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद जवळ हवा. तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागे. चलनाचे नाव रुपयाच, किंमत मात्र वेगळी. नातवंडांना सुट्टी मे महिन्यात आणि मे महिना तेथे उत्तम. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असल्यामुळे आपल्याकडे अंगाची लाही होत असते, तेव्हा तेथे कोवळ्या उन्हाचे दिवस असतात. फक्त सूर्य लवकर मावळतो, म्हणून भटकंती सकाळीच उरकावी. बेटाभोवती पोवळ्यांच्या खडकांचे कडे आहे. त्यामुळे आतले पाणी शांत आणि उथळ राहते. आग्नेय किनाऱ्यावर वारा फार, म्हणून वडीलधाऱ्यांना पश्चिमेचा किंवा उत्तरेचा किनारा बरा.

आजींनी हे सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“ते बेट ज्वालामुखीचं हाय म्हणं. तितं बी भुई हलती का वो, फादर?”

पोरगा हसला. मला हसू आले नाही. 1967 च्या त्या पहाटे आजी चौदा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील धरणावर मजूर होते. भिंत पडली तेव्हा शेजारी झोपलेला धाकटा भाऊ तिच्याखाली गेला. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. अशा बाईला ‘काळजी करू नका’ म्हणणे सोपे आणि पोकळ. तेव्हा मला ठाऊक होते ते मी सरळ सांगितले. मॉरिशसचा ज्वालामुखी हजारो वर्षे निपचित पडला आहे. क्युरपीप गावात त्याचे एक तोंड आहे. त्याच्या आतल्या उतारांवर आता दाट झाडी आहे. जागा ज्वालामुखी आहे तो शेजारच्या रियुनियन बेटावर, समुद्रापलीकडे. मॉरिशसला भीती असते ती चक्रीवादळांची आणि त्यांचा जोर जानेवारी ते मार्च या महिन्यांत. मे महिन्यात ती चिंता नाही.

मग मी अंगणातला एक काळा धोंडा दाखवून म्हणालो, “आजी, आपण जिथे बसलो आहोत तीही ज्वालामुखीचीच भुई आहे.” भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी संशोधकांनी कोयनेच्या परिसरात खोल विवरे पाडली आहेत, एक तर तीन किलोमीटर खोल आहे. सुमारे एक किलोमीटर जाडीचा काळा पाषाण संपल्यावर खाली ग्रॅनाइट लागतो. हा काळा पाषाण म्हणजे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास थरावर थर पसरत थिजलेला लाव्हा. भूशास्त्रज्ञ सांगतात की, पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून तो उसळला, ते स्थान मागेच राहिले आणि आपली भूमी उत्तरेकडे सरकत आली. त्याच आगीने पुढे समुद्रात मालदीवच्या बेटांखालचा डोंगर उभारला, सुमारे 80 ते 90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशसला पाण्यावर आणले आणि आज ती रियुनियनवर धगधगते आहे. म्हणजे आपला सह्याद्री आणि ते बेट एकाच चुलीवरच्या भाकरी आहेत. आपली आधी उतरली, त्यांची नंतर.

आजींनी तो धोंडा पायाने हलवून पाहिला. “म्हंजी सोयरंच की!” त्या म्हणाल्या.

सोयरीक दगडापुरती नाही. मॉरिशसमध्ये 1835 साली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘ॲटलस’ जहाज 36 मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात पोहोचले. त्यानंतरच्या काळात भारतातून जवळजवळ पाच लाख माणसे करारावर तेथे उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तेथे नांदतात, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ज्या धक्क्यावर मजूर उतरत, त्याला आता आप्रवासी घाट म्हणतात. 2006 पासून तो जागतिक वारसा आहे. तेथे दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. आणि उसाच्या फडांत जागोजागी काळ्या धोंड्यांचे मोठमोठे ढीग दिसतात. आधी गुलामांनी आणि मग मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते धोंडे. त्यांच्याखालची जमीन मोकळी झाली तेव्हा ऊस उगवला. कराड-सांगलीकडच्या माणसाला त्या ढिगांचा अर्थ कुणी सांगायला नको.

आजोबांची अडचण निराळीच होती. मुलगा हात धुवायला उठल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “फादर, आमी धरणाच्या कामावर मजुरीनं दिवस काढले. नुसत्या फिरण्यापायी येवढा पैसा घालणं देवाला आवडंल का?”

हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जात नाही, म्हणून त्याचे मोल अधिक. मार्कच्या शुभवर्तमानात दमून आलेल्या प्रेषितांना प्रभू येशू एकांतात चलायला आणि थोडे विसावायला सांगतो. आधी हिशेब मागत नाही. विसावा हा श्रीमंतांचा शौक नव्हे, तो कष्टकऱ्याचा हक्क आहे. पन्नास वर्षे कष्ट केलेल्या जोडप्याला मुलाने समुद्र दाखवावा, यात देवाला नावडण्यासारखे काय आहे? मात्र त्यासाठी कर्ज काढू नये, हे मी मुलालाही बजावले. त्याने साठवलेल्याच पैशांचा हिशेब पुढे ठेवला.

मी एवढेच सुचवले की, सात दिवसांपैकी एक दिवस समुद्राला देऊ नका. तो त्या भूमीवर राबलेल्या माणसांना द्या. सकाळी आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढा. तेथून जवळच सेंट क्रुवा येथे धन्यवादित जाक देझिरे लावाल यांची समाधी आहे. हे फ्रेंच धर्मगुरू मुळात डॉक्टर. 1841 साली ते मॉरिशसला आले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये, त्यांचीच क्रियोल बोली शिकून, 1864 साली मृत्यू येईपर्यंत राहिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 साली त्यांना धन्यवादित घोषित केले. दर 9 सप्टेंबरला त्यांच्या समाधीपाशी ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सारेच रांगा लावतात. 2019 साली त्याच दिवशी पोप फ्रान्सिसही तेथे गेले होते. आणि परतताना उसाच्या फडापाशी गाडी थांबवून त्या धोंड्यांच्या ढिगाजवळ दोन मिनिटे उभे राहा. फुले नसली तरी चालेल.

“आन् कुणी मराठी बोलणारं भेटलं तर?” आजींनी विचारले.

“तर त्यांच्या घरी चहा घ्या आणि कोयनेची गोष्ट सांगा.”

मुलाने पाचव्या दिवसापुढची बोटीची सफर खोडली आणि तेथे पेन्सिलीने लिहिले, ‘घाट, समाधी, धोंडे.’ आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पासपोर्टच्या अर्जासाठी आपले कागद काढायला सांगितले. आजींचा होकार अजून अर्धाच आहे. विमान हलते का, हा प्रश्न शिल्लक आहे आणि त्यावर मी खोटा दिलासा दिलेला नाही. थोडे हलते, पण उतरते, एवढेच म्हणालो.

वाचकहो, मे महिना आला की आपल्यातली पुष्कळ कुटुंबे कुठे ना कुठे निघतील. कुणी गोव्याला, कुणी महाबळेश्वरला, एखादे कुटुंब समुद्रापलीकडे. ऊन, वाळू, पाणी ही देवाची देणगी आहे, ती मनमुराद घ्यावी. परंतु जिथे आपण चार दिवस विसावतो, तिथे कुणीतरी जन्मभर राबलेले असते. त्याचे नाव विचारावे. आपल्या गावी येणाऱ्या पाहुण्याने जे विचारावे असे आपल्याला वाटते, तेच आपण दुसऱ्याच्या गावी विचारावे. सुट्टीच्या बेतात एवढी एक ओळ वाढवली तर खर्च काहीच वाढत नाही.