कुरखेड्याचा रस्ता आणि जुन्या गाडीचा हिशेब

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वडसा नावाचे स्टेशन आहे. गावाचे सरकारी नाव देसाईगंज, पण तिकीट मागायचे ते वडशाचेच. तिथे उतरून पूर्वेकडे पंचवीसेक किलोमीटर गेले की सती नदीच्या काठी कुरखेडा लागते. आणखी पुढे कोरची, आणि त्यापलीकडे छत्तीसगड. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्या जिल्ह्याच्या उत्तर भागातला हा तालुका.

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांना वाटते, इथे फक्त जंगल असेल. जंगल आहेच. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगलाखाली आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू. पण जंगलाच्या मधोमध धानाच्या बांध्या आहेत, बोड्या आणि तलाव आहेत. मार्च-एप्रिलच्या पहाटे बाया-मुले टोपल्या घेऊन मोहफुले वेचताना दिसतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा. गावोगावी रात्रभर नाटक चालते आणि त्यासाठी पाहुणे लांबलांबून येतात. जवळच आरमोरी तालुक्यात वैरागडचा किल्ला आहे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केलेली आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जावे अशी ही जागा.

आता या लेखाचा खरा विषय. अशा ठिकाणी राहणाऱ्या घरात बारा वर्षांच्या जुन्या गाडीचे इंजिन बसले, तर त्यावर साठ हजार खर्च करावेत की नाही? आमच्या घरात हा प्रश्न २०२४ च्या मे महिन्यात उभा राहिला.

गाडी डिझेलवर चालणारी, छोटी, २०१२ सालची. एक लाख साठ हजार किलोमीटर धावलेली. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही देशातल्या सर्वांत उष्ण शहरांच्या यादीत दरवर्षी येणारी नावे, आणि आमचा रस्ता त्याच पट्ट्यातला. वडशाहून परतताना जंगलाच्या टप्प्यात पाण्याचा रबरी पाइप फुटला. काटा वर जाताच गाडी बाजूला घेतली, पण तेवढ्या वेळात व्हायचे ते झाले होते. दुसऱ्या गाडीला बांधून ती वडशाच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ऑइलची पट्टी काढून दाखवली. ऑइल दुधाळ झाले होते, म्हणजे त्यात पाणी उतरले होते.

असे का होते ते आम्हीही तेव्हाच समजून घेतले. आमच्या गाडीसारख्या अनेक डिझेल इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम उष्णतेने जास्त फुगते. थंड करणारे पाणी निघून गेले की हेड वाकते, मधले गॅस्केट फुटते आणि पाणी व ऑइल एकमेकांत मिसळतात. पाणीमिश्रित ऑइलवर इंजिन चालवत राहिले तर बेअरिंग आणि क्रँक घासले जातात. म्हणून पहिला नियम असा की ऑइल दुधाळ दिसले तर ‘घरापर्यंत तरी नेऊ’ म्हणून गाडी पुन्हा सुरू करू नये.

आठवडाभरात चार आकडे हाती आले. फक्त हेडचे काम केले तर २४ हजार. हेड, पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग असे सगळे केले तर ६० हजार. दुसऱ्या गाडीचे जुने इंजिन आणून बसवायचे तर ७५ हजार, आणि इंजिन नंबर बदलल्यामुळे आरटीओत नोंद करून घेणे वेगळे. नागपूरच्या मोठ्या वर्कशॉपचा अंदाज १ लाख ३५ हजार. चालू स्थितीत गाडीची किंमत बाजारात पावणेदोन लाखांच्या आसपास होती. आहे तशी बंद विकली तर ६५ हजार.

अडचण पैशांचीच होती. मोठ्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि ऑगस्टमध्ये वसतिगृहाचे ८० हजार भरायचे होते. घरात बाजूला ठेवलेली रक्कम होती ती तेवढीच. दुसरीकडे अम्मींना महिन्यातून एकदा नागपूरला तपासणीला न्यावे लागते. कुरखेड्याहून ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत हा प्रवास एका बाजूने दीडशेहून अधिक किलोमीटरचा आहे.

याच काळात जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, रेडिएटरमध्ये एक पावडर टाकू, ऑइल बदलू, पंधरा दिवस गाडी छान चालेल. तेवढ्यात दीड लाखाला काढून देतो. अब्बांनी त्यांना चहा पाजला आणि नम्रपणे नाही म्हटले. माल विकताना त्यातला दोष सांगणे ही आपल्या दीनाची साधी शिकवण आहे. आणि ती गाडी घेणारा माणूसही बहुधा याच रस्त्यावरचा असता, त्याच्याही घरात कोणी आजारी असू शकते. त्यामुळे विकायचीच तर ६५ हजारांना, दोष सांगून, एवढे त्या दिवशी पक्के झाले.

मग एका रात्री इशाच्या नमाजनंतर घरात मशवरा झाला. अब्बा, अम्मी, मामू, लेक आणि आम्ही. वही काढली आणि हिशेब मांडला.

लोक साधारणपणे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहतात. पावणेदोन लाखांच्या गाडीवर साठ हजार म्हणजे वेडेपणा, असे आम्हाला चार जणांनी सांगितले. पण खरी तुलना वेगळी आहे. ही गाडी नसेल तर आपली कामे कशाने होतील आणि त्याला किती लागेल, हे पाहायला हवे.

नवी गाडी साडेसात लाखांची धरली. दीड लाख रोख आणि सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो. पाच वर्षांत नुसते व्याज दीड लाखाच्या वर जाते. व्याजाचा व्यवहार आम्हाला करायचाच नव्हता, पण तो मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी आणखी एक गोष्ट उरते. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो तक्ता वापरतात, त्यात सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीला १५ टक्के घट धरलेली असते आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. म्हणजे पहिल्याच वर्षी लाखभर रुपये उतरणार. दुरुस्तीचे साठ हजार डोळ्यांना दिसतात, हे लाख दिसत नाहीत.

जुनी गाडी ठेवली तर? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे आमच्याकडे २०२७ पर्यंत तीन वर्षे होती. दुरुस्तीचे ६० हजार आणि टायर-क्लच वगैरेसाठी ३० हजार. शिवाय बंद गाडी विकून जे ६५ हजार मिळाले असते, तेही खर्चातच धरायला हवेत. एकूण १ लाख ५५ हजार. छत्तीस महिन्यांनी भागले तर महिन्याला सुमारे ४,३०० रुपये. डिझेल आणि विमा मिळून आणखी साडेतीन हजार. म्हणजे सगळे मिळून ७,८००.

तेव्हा लेकीने विचारले, “मग भाड्याची गाडी का नको?” प्रश्न बरोबर होता. नागपूरची एक फेरी साडेचार हजार आणि गडचिरोली-ब्रह्मपुरीच्या दोन फेऱ्या दोन-दोन हजार, असे महिन्याला साडेआठ हजार. फरक फक्त सातशे रुपयांचा. नुसत्या पैशांवर निर्णय घ्यायचा असता तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखीच होती.

शेवटी निर्णय या रस्त्यानेच केला. कुरखेड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ची रुग्णवाहिकाही आहे. पण मोठ्या तपासणीसाठी बाहेर जावेच लागते. लग्नसराईत भाड्याची गाडी आठ दिवस आधी सांगूनही मिळत नाही. पावसाळ्यात गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा चढते, रस्ते बंद होतात. सकाळी रस्ता मोकळा आहे म्हणून तासाभरात निघायचे, तर गाडी दारात हवी. मोटारसायकलचे म्हणाल तर २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला आणि कुरखेडा, वडसा, आरमोरी, धानोरा या भागांत फिरत राहिला. २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात माणसांवर हल्ले करणारा वाघ वनविभागाला पकडावा लागला. संध्याकाळनंतर म्हाताऱ्या माणसाला दुचाकीवर बसवून या रस्त्याने नेण्याची हिंमत आम्हाला होत नाही.

तेव्हा दुरुस्ती करायची ठरली, पण मर्यादा आखून. मिस्त्रींशी आधी बोलणे केले की इंजिन टप्प्याटप्प्याने खोलायचे. पहिल्या टप्प्यात फक्त हेड उतरवायचे आणि आतले बोअर घासले आहेत का ते आम्हाला बोलावून दाखवायचे. दुसऱ्या टप्प्यात खालून बेअरिंग आणि क्रँक पाहायचे. क्रँक गेलेला असेल किंवा एकूण खर्च ७० हजारांच्या वर जाणार असेल, तर तिथेच थांबायचे आणि गाडी दोष सांगून विकायची. उघडण्याची मजुरी गेली तरी चालेल. काढलेले सर्व जुने भाग परत द्यायचे, पक्के बिल द्यायचे, आणि फोनवर होकार घेतल्याशिवाय नवा भाग बसवायचा नाही. मिस्त्रींना हे आवडले. म्हणाले, “मास्तर, असं आधी बोललं की मग भांडण होत नाही.”

हेड लेथवर घासण्यासाठी आणि त्याला बारीक तडा आहे का हे तपासण्यासाठी नागपूरला पाठवावे लागले. पोत्यात गुंडाळलेले हेड बसने गेले आणि पाचव्या दिवशी बसनेच परत आले. तडा नव्हता. क्रँक शाबूत होता. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, पाण्याचा पंप आणि सगळे रबरी पाइप बदलले. एकूण ५७,६०० रुपये झाले.

पैशांची सोय अशी केली. मामूंनी ३० हजार कर्ज-ए-हसना दिले. रक्कम आणि परतीची तारीख वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, अब्बा साक्षीदार. जुलैत आमचा भिशीचा नंबर होता. त्यातून वसतिगृहाच्या रकमेतला खड्डा भरला. लेकीचे पैसे वेळेवर गेले, अलहमदुलिल्लाह.

वाचकहो, यावरून प्रत्येकाने जुनी गाडी दुरुस्तच करावी असे आम्ही म्हणत नाही. नागपूर-पुण्यात राहणाऱ्या घराला मेट्रो आहे, रिक्षा आहे, रात्री दोनलाही गाडी मिळते. तिथे हाच हिशेब उलटा पडेल. दिल्ली आणि आसपासच्या भागात तर दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले होते, तिथे बारा वर्षांच्या डिझेल इंजिनावर पैसे घालणे म्हणजे सरळ इस्राफ ठरला असता. गाडीचा पत्रा खालून गंजला असेल, किंवा नोंदणीला सहा-आठ महिनेच उरले असतील, तरी हात आवरावा. नोंदणीच्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले. त्यावर पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी आहेच. गाडी भंगारात काढायची असेल तर २०२१ च्या सरकारी धोरणाप्रमाणे नोंदणीकृत केंद्रातच द्यावी आणि प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी कागदावर मात्र आपल्याच नावावर राहते.

आमच्या गाडीला २०२७ मध्ये पुन्हा तपासणीला जायचे आहे. त्यासाठी दर महिन्याला एक हजार रुपये वेगळ्या पाकिटात ठेवतो. पास झाली तर ते नूतनीकरणाला, नाही तर पुढच्या गाडीला. अम्मींची नागपूरची तारीख दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असते. आदल्या संध्याकाळी पाणी, ऑइल आणि पाइप पाहून घेतो आणि फज्रनंतर निघतो.