जयश्री रायजींचा मतदारसंघ

संपादकांनी विषय दिला तो 'ईशान्य मुंबई : १९५२ पासून आजपर्यंत' असा. लेख लिहायला मी होकार दिला, पण विषय बदलून मागितला. १९५२ साली ईशान्य मुंबई नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता. होता तो 'मुंबई उपनगर', आणि तो एकाच सार्वत्रिक निवडणुकीपुरता जगला. मतदारसंघांच्या सीमांचा अभ्यास हेच माझं आयुष्यभराचं काम आहे. त्यामुळे कुणी 'ही जागा पहिल्यापासून आमचीच' असं म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठली जागा?

पहिल्या लोकसभेत मुंबईचे तीन मतदारसंघ होते आणि खासदार चार. 'मुंबई शहर दक्षिण'मधून स. का. पाटील निवडून आले. 'मुंबई शहर उत्तर' हा द्विसदस्य मतदारसंघ होता. तिथे एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव अशा दोन जागा होत्या, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. तिथून वि. बा. गांधी आणि नारायण काजरोळकर जिंकले. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला तो इथे. तिसरा मतदारसंघ उपनगराचा. तिथून काँग्रेसच्या जयश्री रायजी लोकसभेत गेल्या.

मुंबईतून निवडून गेलेल्या या पहिल्या महिला खासदार. १८९५ साली जन्मलेल्या जयश्रीबेन स्वातंत्र्यचळवळीतून आणि स्त्रिया-मुलांच्या प्रश्नांवरच्या कामातून पुढे आल्या होत्या. १९८० साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. असं असूनही मुंबईच्या महिला खासदारांवरचे लेख मी वाचतो, तेव्हा यादी बहुधा अहिल्या रांगणेकर आणि मृणाल गोरे यांच्यापासून, म्हणजे १९७७ पासून सुरू होते. फार तर १९६७ च्या तारा सप्रे आठवतात. रायजींचा वारसा सांगायला कुणी उरलं नाही, कारण त्यांच्या मतदारसंघाचं नावच यादीतून गेलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ते नाव का गेलं, हे समजायला उपनगराची वाढ पाहावी लागते. साष्टीचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यातून काढून १९२० साली उपनगर जिल्हा झाला. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला पोचली. म्हणजे पहिली निवडणूक झाली तेव्हा बांद्रा, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर ही गावं पालिकेत येऊन जेमतेम दोन वर्षं होत होती. पुढे राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, मतदारसंघ नव्याने आखले गेले. 'उपनगर' हे नाव पडलं आणि तो भाग 'मुंबई शहर उत्तर'मध्ये गेला.

इथे एक घोटाळा होतो, आणि तो मला वर्षानुवर्षं छळतो आहे. १९५२ चं 'मुंबई शहर उत्तर' आणि १९५७ चं 'मुंबई शहर उत्तर' यांचं नाव तेवढं एक आहे, मुलूख एक नाही. १९५७ साली तिथून काँग्रेसच्या व्ही. के. कृष्ण मेनन यांनी प्रजासमाजवादी पक्षाच्या पीटर अल्वारिस यांना हरवलं. त्यावरून 'आंबेडकर जिथे हरले तिथेच मेनन जिंकले' असं वाक्य चांगल्या चांगल्या लेखकांच्या लिखाणात सापडतं. ते चूक आहे. आंबेडकरांच्या द्विसदस्य मतदारसंघाचा वारस शोधायचाच तर १९५७ च्या द्विसदस्य 'मुंबई शहर मध्य'कडे जावं लागतं. तिथून श्रीपाद अमृत डांगे आणि आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जी. के. माने निवडून आले. पाच वर्षांत फेडरेशनने गिरणगावाच्या बाजूला ती राखीव जागा मिळवली, ही एवढी मोठी गोष्ट नावाच्या सारखेपणामुळे झाकली जाते.

मेनन यांच्याबाबतीत दुसरा गैरसमज याहून घट्ट आहे. १९६२ मध्ये त्यांनी आचार्य कृपलानींना सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी हरवलं. १९६७ मध्ये काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यावर ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून सुमारे १३ हजारांनी हरले. बर्वे निकालानंतर लगेच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेननना पुन्हा हरवलं. हे दोन आकडे शेजारी मांडून लिहिलं जातं की पाच वर्षांत उपनगराने मेननना टाकलं, ते संरक्षणमंत्री असताना झालेल्या चीन-युद्धामुळे टाकलं, १९६६ साली निघालेल्या शिवसेनेमुळे टाकलं. ही कारणं मी खोडून काढत नाही. शिवसेनेने बर्वे यांना पाठिंबा दिला होता, आणि 'बाहेरचा उमेदवार' हा मुद्दा प्रचारात होताच. माझा आक्षेप वजाबाकीला आहे. १९६१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत मुंबईच्या चार जागांच्या पाच झाल्या, आणि उपनगरात 'ईशान्य' आणि 'वायव्य' असे दोन वेगळे मतदारसंघ आले. मेनन उभे राहिले ते ईशान्येत. १९६२ ला त्यांना मत देणारे पश्चिम रेल्वेकाठचे मतदार १९६७ मध्ये त्यांना मत देऊच शकत नव्हते. ते वायव्येत शांतिलाल शहांना निवडून देत होते. ज्यांच्या हाती ती मतपत्रिका आलीच नाही, त्यांनी मेननना 'टाकलं' असं कसं म्हणायचं?

खरी तुलना करायची तर मतदान केंद्रापर्यंत खाली उतरावं लागतं. निवडणूक आयोगाचे त्या काळचे छापील अहवाल मतदारसंघावर थांबतात. परिसीमन आयोगाच्या आदेशातली वर्णनं वॉर्डांच्या भाषेत असतात, आणि वॉर्डांच्या हद्दीही मध्येच बदललेल्या असतात. जुना वॉर्ड-नकाशा, जनगणनेचे गट आणि मतदारयादीचे भाग एकमेकांवर बसवावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

लोकांना आणखी एक समजावून सांगताना मी थकतो. सीमा निवडणूक आयोग आखत नाही. त्यासाठी संसद कायदा करते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली वेगळा परिसीमन आयोग नेमला जातो. २००२ च्या कायद्याखालच्या आयोगाचे अध्यक्ष न्या. कुलदीप सिंग होते. मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले आयुक्त त्यात सदस्य असतात, इतकंच. त्या आदेशाने २००८ मध्ये बांद्रा वायव्येतून निघून उत्तर मध्यमध्ये गेलं. म्हणून २००५ ची पोटनिवडणूक वायव्येतून जिंकलेल्या प्रिया दत्त २००९ मध्ये उत्तर मध्यमधून उभ्या राहिल्या. त्यांनी मतदारसंघ बदलला असं तेव्हा छापून आलं. बांद्र्याच्या मतदाराच्या बाजूने पाहिलं तर बदलली होती सीमा.

आता पुढची पुनर्रचना समोर आहे. राज्यांच्या वाट्याच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आले की ते बंधन सुटतं. विधानसभेत मुंबईच्या ३६ जागांपैकी २६ आजच उपनगरात आहेत. लोकसभेच्या रेषाही पुन्हा हलतील, नावं बदलतील, काही जुनीच नावं नव्या मुलखाला चिकटतील. माझी मागणी साधी आहे. परिसीमन आयोगाने अंतिम आदेशासोबत प्रत्येक मतदान केंद्र आधी कुठल्या मतदारसंघात होतं आणि आता कुठल्या, याचा तक्ता मराठीतून प्रसिद्ध करावा. १९५६ आणि १९६६ च्या पुनर्रचनांसाठी तसा तक्ता तयार करण्याचं माझं काम चालू आहे. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा भाग बराचसा जुळला आहे. पश्चिमेकडचा अजून व्हायचा आहे.